दुसऱ्यांदा धुतलेली द्राक्षं

चष्मा विसरला नसता तर बाटलीबाई परत फिरली नसती, आणि परत फिरली नसती तर तिला काही दिसलंच नसतं. दोन जिने उतरून झाल्यावर तिने पिशवी चाचपली, स्वतःलाच एक शिवी घातली आणि कठड्याला धरून पुन्हा वर चढली. दार तिने आपल्या किल्लीने उघडलं, आवाज न करता. शनिवार होता, सून घरी होती, सातवा महिना लागलेला, झोपली असेल तर झोपू दे बिचारीला. पण सून झोपली नव्हती. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, नळाची धार बारीक सुरू होती आणि तिच्यापुढे चाळणीत द्राक्षं होती. तीच द्राक्षं. बाटलीबाईने तासाभरापूर्वी धुऊन, निथळून, पांढऱ्या फडक्यावर पसरून ठेवलेली. सून एकेक द्राक्ष देठापासून तोडत होती, धारेखाली धरून बोटांनी चोळत होती, मग नाकाशी नेत होती, आणि पुन्हा धारेखाली धरत होती. मधेच तिने मान वळवून दुसऱ्या हाताच्या बाहीने नाक पुसलं, तेव्हा बाटलीबाईला तिच्या चेहऱ्याची एक कड दिसली. घरात मेलेला उंदीर शोधताना माणसाचा चेहरा होतो तसा चेहरा. बाटलीबाईने हाक मारली नाही. आपल्याच घरातून चोरासारखी उलट्या पावलांनी ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि चष्म्याशिवायच बाजारात गेली. त्या दिवशी पालक म्हणून तिने जे आणलं त्यात निम्मं गवत निघालं.

बाटलीबाई हे काही तिचं नाव नव्हे. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तिने काचसामान धुतलं, तिथे पहिल्याच वर्षी कुणीतरी ते चिकटवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की निवृत्तीच्या हारावरच्या चिठ्ठीतही तेच लिहिलेलं होतं. बाजारातून येणाऱ्या फळांत, भाज्यांत फवाऱ्याचं औषध किती उरलंय ते त्या प्रयोगशाळेत मोजत. विषालाच औषध म्हणतात याचं तिला पहिल्या दिवशी हसू आलं होतं, मग सवय झाली. मोजायचं काम शिकलेल्या पोरांचं; तिचं काम धुवायचं. साबणाचं पाणी, मग नळाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग तो डोक्यात चढणारा द्राव, मग भट्टीत वाळवणं. स्वच्छ बाटलीवरून पाणी एकसंध पडद्यासारखं खाली उतरतं आणि अस्वच्छ बाटलीवर थेंबथेंब अडून राहतं, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. मोजणाऱ्यांच्या यंत्रातून कागद बाहेर यायचा, त्यावर रेषा गुमान सपाट चालायची आणि मधेच सुळका उभा राहायचा. कधी वांग्यात, कधी सफरचंदात, कधी कोथिंबिरीच्या एका काडीत. असे सुळके बघत बघत तिचा एकेका गोष्टीवरचा विश्वास उडत गेला. जे चकाकतं ते आधी गेलं, मग जे मोसमाबाहेर मिळतं ते, मग ज्याला अळी लागत नाही ते. घरात आलेली भाजी ही आरोपी आहे असं धरूनच ती टपात टाकायची. प्रयोगशाळेतला एक तरुण केमिस्ट तिला एकदा म्हणाला होता, ‘मावशी, घरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पुसा, बस्स झालं. साबण नको.’ तिने मान हलवली आणि मनात म्हणाली, नुसत्या पाण्यात एवढा गुण असता तर साबणवाले उपाशी मेले असते. तिने घरातही तोच क्रम लावला. आधी साबणाचे दोन थेंब, मग पाणी, मग मीठ आणि सोडा, मग पुन्हा पाणी. दोन थेंब म्हणजे मोजून दोन. निदान सुरुवातीला तरी.

रात्रीच्या जेवणाला द्राक्षं वाडग्यात आली. मुलाने खाल्ली, सुनेने खाल्ली, बाटलीबाईनेही एक तोंडात टाकलं. गोड होतं, पण नुसतं गोड, साखरेच्या पाण्यासारखं. ‘पूर्वी द्राक्षांना वास असायचा,’ ती म्हणाली. ‘आता कशालाच वास नाही. सगळं औषधांवर वाढवलेलं.’ मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळून आल्यावर तो घरी फारसं बोलत नाही. तो ‘हं’ म्हणाला. सून मात्र तिच्याकडे बघतच राहिली. नको इतका वेळ. बाटलीबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

संशय हा पाहुण्यासारखा येतो आणि भाडेकरूसारखा राहतो. पुढच्या आठवड्यात तिने पारख करून पाहिली. टोमॅटो धुऊन ठेवताना सगळ्यांचे देठ खिडकीकडे केले. संध्याकाळी बघितलं तर तीन टोमॅटोंचे देठ भिंतीकडे, एकाचा छताकडे. काकड्या लहानमोठ्या क्रमाने लावल्या; दुसऱ्या दिवशी क्रम मोडलेला आणि फडकं ओलं. फुलकोबीवर तिने मुद्दाम एक केस ठेवला, स्वतःचा, पांढरा. तो गेलेला होता. म्हणजे रोज. म्हणजे आपण धुतलेलं एकूण एक ती पुन्हा धुते. कामावरून आल्यावर, आपण बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेलो की, आपण न्हाणीघरात असलो की. ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. द्रावांनी आणि आम्लांनी हातांची कातडी कधीच गेली होती. बोटांची टोकं गुळगुळीत, नखांच्या कडा पिवळ्या, तळव्यांवर भेगा. या हातांचा किळस येत असेल? पोटात मूल असताना बायकांना कशाचाही किळस येतो, तिलाही आला होता, सासूच्या दाढेच्या औषधाचा. पण तिने ते सासूला सांगितलं होतं तोंडावर, आणि दोघींचं वाजलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मिटलं होतं. ही सांगत नाही. ही हसून ‘आई, दमलात, बसा जरा’ म्हणते आणि पाठ फिरली की आपलं काम पुसून टाकते. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांची नजर तपासायची. नेटकी, मऊ हातांची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत नेमकं बघणारी. तिची आई शाळेत शिकवायची. बाटल्या धुणारीच्या घरात आपण पडलो असं तिला वाटत असेल का, वाटत असेल तर लग्नापासूनच की आत्ता, मूल येणार म्हटल्यावर, हा विचार बाटलीबाई भाजी चिरताना, चिरून झाल्यावर, आणि काही चिरायचं उरलं नाही तरी करत बसायची.

त्यात फोन. रोज दुपारी एक वाजता सुनेचा दुकानातून फोन यायचा. ‘आई, जेवलात का? काय करताय?’ आधी तिला त्याचं कौतुक वाटायचं, जिन्यात भेटणाऱ्या बायकांना ती सांगायची, सून असावी तर अशी. आता ती रिसीव्हर कानाला लावून मागचे आवाज ऐकायची. काय हवंय हिला? मी काय खाते ते? मी घरात आहे की नाही ते? एकदा तिने मुद्दाम फोन उचलला नाही. घंटा वाजून थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली, आणि वीस मिनिटांत मुलगा धापा टाकत दारात उभा, हातात ग्रीस, डोक्यावर पिवळी टोपी तशीच. ‘फोन का नाही घेतला?’ तो ओरडलाच. ती म्हणाली, ‘न्हाणीत होते.’ तो तिच्याकडे बघण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन आला. खिडकी उघडली. मग पाणी प्यायला आणि निघून गेला. आईची विचारपूस करायला आलेला मुलगा आधी स्वयंपाकघर का बघतो? काय सापडेल असं वाटलं होतं त्याला? त्याच आठवड्यात मुलगा-सुनेच्या गादीखाली चादर खोचताना तिला एक घडी केलेला कागद सापडला. पाळणाघराचा अर्ज. बाळाचं नाव रिकामं, जन्मतारीख रिकामी, पण आईवडिलांची नावं सुनेच्या सुबक अक्षरात भरलेली आणि खाली एक प्रश्न, ‘घरात मूल सांभाळणारं कोणी आहे का?’ त्यापुढे दोन चौकोन होते. ‘नाही’च्या चौकोनात खूण होती.

ती त्या चौकोनाकडे बघत पलंगाच्या कडेवर बसून राहिली. निवृत्त झाल्याला तीन वर्षं झाली होती, नवरा जाऊन चार. त्या तीन वर्षांत तिने एकच गोष्ट ठरवली होती, की बाळ आलं की ते आपल्याकडे असेल, सून दुकानात जाईल, आणि पहिला घास आपण भरवू, उकडलेल्या गाजराचा, स्वतः निवडलेल्या, स्वतः धुतलेल्या. कागद तिने होता तसा ठेवला. घडीची तीच बाजू वर, तोच कोपरा भिंतीकडे. अशा बाबतीत तिच्या हाताला वळण होतं.

रागावर तिच्याकडे एकच उपाय होता, धुणं. सुनेचं पोट मधूनमधून बिघडत होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, या दिवसांत होतं, काळजी करू नका. बाटलीबाईला ते पटलं नाही. बघा, भाजीतलं औषध पोटात जातंय, आणि ही बया मी विष काढलेली भाजी पुन्हा नळाखाली धरून काय बघते? तिने साबण वाढवला. दोन थेंबांचे चार झाले, चाराची चिळकांडी झाली. पालेभाजी तिने अर्धा अर्धा तास त्या पाण्यात बुडवून ठेवली. स्ट्रॉबेरी मिळाल्या तर त्यांना ब्रशने घासलं, निम्म्या फुटल्या. मुलगा एकदा जेवताना थांबला, घास तोंडात तसाच ठेवून बायकोकडे बघितलं, बायकोने डोळ्यांनी काहीतरी म्हटलं, त्याने गिळलं. ‘काय झालं?’ बाटलीबाईने विचारलं. ‘काही नाही. गरम होतं.’ कोशिंबीर होती ती.

अशा वेळी तिला चिमणी आठवायची. आठवू नये म्हणून कितीही ठरवलं तरी. चिमणी म्हणजे तिच्या हाताखाली आलेली दुसरी धुणारी, बारीक, सतत गुणगुणणारी, कामात जराशी धांदरट. प्रयोगशाळेत दर खेपेला एक बाटली रिकामी चालवत, तिला कोरा नमुना म्हणत. तिच्यात भाजी नाही, फळ नाही, काही नाही, नुसता द्राव. तिची रेषा सपाट आली म्हणजे समजायचं, भांडी स्वच्छ आहेत, आता जे निघेल ते भाजीतलंच. एका सोमवारी त्या कोऱ्या नमुन्यात सुळका उभा राहिला. विष भाजीत नव्हतं, बाटलीत होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी दोघींना बोलावलं, बाटली टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, ‘ही कोणी धुतली?’ ती बाटली बाटलीबाईने धुतली होती. शुक्रवारी, संध्याकाळच्या घाईत, मुलाला ताप होता म्हणून शेवटचा द्रावाचा हात तिने सोडला होता. तिला पक्कं आठवत होतं, हातातलं बाटलीचं वजनसुद्धा. ती गप्प बसली. खोटं बोलली नाही, हे तिने स्वतःला पुढे कितीदा तरी सांगितलं. नुसती गप्प बसली आणि चिमणीकडे बघितलं, आणि तिने बघितलं म्हणून मोठ्या बाईंनीही बघितलं. चिमणी रडायला लागली. जी रडते तीच चुकलेली, हा हिशोब सगळीकडे असतो. तिला गोदामात टाकलं, खोकी मोजायला, आणि वर्षभरात ती नोकरी सोडून गेली. त्यानंतर बाटलीबाईच्या हातून एकही बाटली घाण निघाली नाही. सगळे म्हणायचे, हिच्यासारखी धुणारी होणे नाही.

आठवा महिना संपत आला तेव्हा सूनही घरीच असायला लागली आणि दोघी एका घरात एकमेकींवर पाळत ठेवल्यासारख्या वावरू लागल्या. एका मंगळवारी सकाळी बाटलीबाई भाजीवालीकडे गेली. या भाजीवालीवर तिचा संशय जुना होता. कोपऱ्यावरची टपरी, मालावर सतत पाणी शिंपडणारी, बोलायला तिखट. बाटलीबाईने कोबी उचलला, उलटा केला, पाना-पानांत बघितलं.

‘कुठून आणता हो हा?’

‘जमिनीतून,’ भाजीवाली म्हणाली. ‘बाई, पंधरा वर्षं झाली, रोज विचारता आणि रोज नेता. मी पण हाच खाते, माझी पोरं पण हाच खातात. आणि आता तुम्ही कमी होता म्हणून तुमच्या सूनबाईही यायला लागल्या चौकशी करायला.’

बाटलीबाईचा हात थांबला. ‘सून आली होती? कधी?’

‘झाले तीन-साडेतीन महिने. भांडायलाच आल्या होत्या, पण सभ्य भांडण. म्हणे, तुम्ही भाजी साबणाने धुता का? म्हटलं, बाई, मला अंघोळीला साबण पुरत नाही, कोबीला कुठून लावू? म्हणे, भाजीला साबणाचा वास येतो, शिजवली तरी जात नाही. मी हाच असा कोबी दिला हातात. म्हटलं घ्या, हुंगा, मनसोक्त हुंगा. हुंगला. टोमॅटो हुंगले, काकडी हुंगली. लोक बघायला लागले. कशालाच वास नाही. मग एकदम गप्पच झाल्या. खाली बसल्या त्या खोक्यावर, मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नका मी आले होते ते.’ भाजीवालीने जीभ चावली. ‘आता सांगितलंच की मी.’

बाटलीबाईने कोबी घेतला, पैसे दिले, उरलेले पैसे घ्यायचे विसरली, भाजीवालीने हाक मारून दिले. घरापर्यंतच्या रस्त्यात तिने तो कोबी तीनदा नाकाशी नेला. काहीच नाही. बरोबर आहे, तिने स्वतःला सांगितलं, आजकाल कशालाच वास नाही. आणि हे वाक्य मनात पुरं होताहोताच तिचे पाय थांबले. मागच्या थंडीत तिला महिनाभर पडसं झालं होतं. त्यानंतर पहिल्यांदा ती म्हणाली होती, कॉफीत काही दम राहिला नाही. मग म्हणाली होती, अगरबत्त्या आता नुसत्या धुराच्या येतात. मग द्राक्षं. मग कोथिंबीर. जगाने एकेक वास काढून घेतला असं ती समजत होती, आणि जग असंच आहे, लबाड, म्हणून तिला त्याचं नवलही वाटलं नव्हतं.

घरी आली तेव्हा सून आतल्या खोलीत आडवी होती. बाटलीबाईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. भांड्यांच्या साबणाची बाटली उघडून नाकाला लावली. वर लिंबाचं चित्र होतं. आत काही नव्हतं. व्हिनेगरची बाटली उघडली. डोळ्यांना झोंबलं, पण वास नाही. लसूण चेचला. मिरी फोडली. फरशी पुसायचं ते काळपट औषध, ज्याच्या वासाने तिचा नवरा घर सोडून गच्चीवर जायचा, ते झाकणात ओतून तिने खोल श्वास घेतला. थंड हवा आत गेली, थंड हवा बाहेर आली. ओट्यावर बाटल्या जमत गेल्या, सगळी झाकणं उघडी, सगळ्या मुक्या. तिने सकाळी धुऊन ठेवलेल्या पालकाचं एक पान उचललं आणि चावलं. वास नव्हता पण चव होती, जिभेच्या मागच्या बाजूला, कडवट, बुळबुळीत. ही चव तिला ओळखीची होती. कित्येक महिने ती या चवीला औषधाची चव समजत आली होती, आणि जितकी ती जाणवायची तितकी ती चिळकांडी वाढवायची.

दार उघडलं. सून पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती. तिने बाटल्यांकडे बघितलं, मग सासूकडे. ‘आई, खिडकी उघडते,’ ती म्हणाली. ‘मला गुदमरतंय.’

खिडकी उघडून ती परत आली. दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. बाटलीबाईला वाटलं, आता ही विचारणार. पण ती विचारत नव्हती. झाकणं एकेक करून बसवत होती, खाली बघत. विचारलं कुणीच नाही, तरी बाटलीबाई मोठ्याने म्हणाली, ‘मी धुतलं.’ आवाज तिलाच परका वाटला. ‘साबण मीच घालत होते. तुझं पोट माझ्यामुळे बिघडलं.’

‘पोट नुसतं त्याने नाही बिघडलं, डॉक्टरांना मी विचारलंय,’ सून म्हणाली. ‘आणि मी नंतर सगळं धुऊनच घेत होते.’

‘कधीपासून माहीत होतं?’

‘साबणाचं पाचव्या महिन्यात कळलं. नाकाचं त्याच्या थोडं नंतर. एकदा दूध करपून घरभर वास पसरला आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून मटार सोलत होतात.’

‘मग बोलली का नाहीस? तोंड आहे ना तुला?’

सुनेने झाकण फिरवायचं थांबवलं. ‘दुकानात म्हातारी माणसं येतात ना आई, ती तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. दिसत नाही हे कळू नये म्हणून. मी तक्ता बदलला की चिडतात, काहीजण रडतात, एकजण तर परत आलेच नाहीत. तुम्हाला काय म्हणणार होते मी? तुम्ही एकतीस वर्षं धुतलंत, आणि आता तुमचं धुतलेलं खाता येत नाही असं? म्हटलं बाळंत झाल्यावर बघू.’

बाटलीबाईला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, क्षणभर. मग तिच्यातली जुनी पारखी जागी झाली. ज्या घरात आपल्या पाठीमागे एक गोष्ट चालते तिथे एकच चालत नाही. ‘अजून काय काय करता माझ्यामागे?’ तिने विचारलं. ‘सगळं सांग. एकदम सांग.’

सुनेने हातातलं झाकण फिरवून बसवलं. मग म्हणाली, ‘गॅस.’ मुलगा रोज कामावर जाताना गॅसची नळी आणि बटणं तपासून जायचा. दोनदा बटण अर्धवट उघडं सापडलं होतं. दुपारचा फोन त्यासाठी होता. ‘तुम्ही बोललात की मग मी जेवायचे,’ सून म्हणाली. ‘आणि तो पाळणाघराचा कागद तुम्ही बघितलात, हेही माहीत आहे मला. तुम्ही घडी जास्तच नीट घातली होतीत.’

बाटलीबाई स्टुलावर बसली. तिला हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, हे बरं केलं. तिने पाण्याचा नळ सोडला आणि पालक एकेक पान वेगळं करून धारेखाली धरायला लागली. बऱ्याच वेळाने बाटलीबाई उठली, तिच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, ‘देठाकडे चोळ. माती तिथे असते.’

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घातला, कुप्या हुंगवल्या आणि हात पुसत सांगितलं, पडशाने असेल, वयाने असेल, त्या द्रावांनी असेल, नक्की कोण सांगणार. परत येईल असं धरून चालू नका. मुलाने गॅस काढून विजेची शेगडी आणली. भिंतीवर धूर कळवणारी डबी बसवली, ती पहिल्याच दिवशी फोडणीला बोंबलली. भाजी आता नुसत्या पाण्याने धुतली जाते, आणि शेवटचा वास सून घेते, बाटलीबाईच्या समोर, ‘हं, चालेल’ असं म्हणून. अर्ज मात्र फाडला नाही कुणी. त्यावर चर्चा झाली, चिडचिड झाली, आणि शेवटी असं ठरलं की सहा महिन्यांनी बघायचं, आधी अर्धा दिवस. बाटलीबाई म्हणाली, ‘बघा.’ तिला माहीत होतं, विश्वास ही मागून मिळायची वस्तू नाही. आणि तिने स्वतः तरी आजवर कुणाला दिला होता?

मुलगी झाली. घरी आणल्यापासून जो येई तो वाकून तिच्या टाळूला नाक लावी. मुलगा तर बूट काढायच्या आधी. सगळ्यांचे डोळे तिथे गेल्यावर आपोआप मिटत, हे बाटलीबाईने पाहून ठेवलं होतं. एका दुपारी नात तिच्या मांडीवर झोपली असताना तिनेही नाक टेकवलं. ऊब लागली, टाळूची धकधक लागली, बारीक केस ओठांना लागले. बाकी काही नाही. सून पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘कसा गं येतो हिच्या डोक्याला वास?’ बाटलीबाईने विचारलं, सहज विचारल्यासारखं.

सून विचारात पडली. ‘साय,’ ती म्हणाली. ‘गरम दुधावर नुकती धरलेली असते ना, तशी. आणि मानेकडे जरासा आंबूस.’

‘त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.’

सांजेला मुलगा बाल्कनीत हात पुसत उभा होता तेव्हा तिने त्याला एकटं गाठलं आणि तोच प्रश्न विचारला. तो गोंधळला, मान खाजवली, उगाच रस्त्याकडे बघितलं. ‘कसा म्हणजे... इस्त्रीचा. आत्ता इस्त्री केलेल्या कापडाचा. का गं?’

‘काही नाही. जा, चहा घे.’

आत येऊन तिने नातीला उचललं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. साय आणि इस्त्री. दोन्ही उत्तरं तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, उलटी करून पाहिली. कुठूनही जुळत नव्हती. जुळली असती तर दोघांनी ठरवून सांगितलंय हे तिने तिथल्या तिथे ओळखलं असतं, म्हातारीची समजूत काढायला म्हणून, आणि मग एकाही शब्दावर तिचा विश्वास बसला नसता. पण साय वेगळी, इस्त्री वेगळी. म्हणजे कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. म्हणजे खरं होतं. बाटलीबाईने डोळे मिटले, टाळूवर नाक टेकवलं आणि सावकाश, दमादमाने, आधी सायीचा घेतला, मग इस्त्रीचा.